अअब — नाही

रामबागेतल्या खोलीत रात्री अकराला
मी यंत्राला माळा देते:
अब. अअबब. अअअबबब.
जितके अ तितकेच ब,
एवढंच तर ओळखायचंय.

ते म्हणतं: आधी हवे तेवढे अ,
मग हवे तेवढे ब.
चूक कशी म्हणू?
दिलेली प्रत्येक माळ त्यात बसते.
नुसत्या होकारांवर नियम सैल होत जातो,
धुऊन धुऊन लोंबलेल्या स्वेटरसारखा.

आमच्याकडे सगळेच म्हणायचे,
'मी येऊन राहिले', 'भूक लागून राहिली'.
बाबा, सुलूआत्या, शाळेतल्या ठोंबरेबाईसुद्धा.
कुणी अडवलं नाही.
माझं व्याकरण पाटणीपुऱ्यापर्यंत
बिनधास्त पसरलं.

मग लग्नात पुण्याची नणंद हसली:
"असं नाही गं म्हणत."
वयाच्या सव्विसाव्या वर्षी
पहिला नकार.
आतले किती बाण पुसले गेले
ते मोजलं नाही,
वर्षभर वाक्यं आधी मनात म्हणून बघायचे.

आता टाइप करते: अअब — नाही.
यंत्र थबकतं,
पुन्हा पहिल्या अ-पासून मोजू लागतं.

तेवढ्यात आत्याचा फोन.
"जेवलीस? की अजून काम करून राहिलीस?"

"करून राहिले," मी म्हणते.
पडद्यावर दोन रकाने, होय आणि नाही.
कर्सर लुकलुकतो.