सुकतीला उघडलेली बाटली

एकवीस वर्षं जहाजावर मी दुसऱ्यांचे पेले भरले.
शेवटच्या दिवशी वरिष्ठाने हातात एक बाटली ठेवली.
दोन विमानं, एक एसटी, आणि कालची रात्र
पापलेटांच्या बर्फात काढून
ती आता आचऱ्याच्या खाडीत, खडपावर उभी आहे.

आनशीकाकी कोयतीच्या टोकाने कालवं फोडतेय.
सुकती अजून तासभर.
"ह्यां खंयचा रे?"
शाब्लीचं. फ्रान्समधलं.
"समिंदराकडचा गाव?"
नाही. समुद्र तिथून एसटीची एक रात्र लांब.

पण होता, काकी. पंधरा कोटी वर्षांपूर्वी होता,
उथळ, कोमट, आणि तळाशी कालवं,
स्वल्पविरामाएवढी बारीक.
समुद्र वाक्य अर्धं टाकून उठून गेला,
स्वल्पविराम मागे राहिले.
त्यांचा चुना झाला, चुन्याच्या टेकड्या झाल्या.
पांढऱ्या झग्यातले साधू आले, त्यांनी वेल लावले
देवाला लागेल तेवढे,
आणि थोडे जास्त.

"साधू काय सगळीकडचे सारकेच,"
काकी म्हणाली, आणि एक कालव मला दिलं.

पिंपं नदीतून पॅरिसला जायची.
मग आगगाडी आली, तिने दक्षिणेची स्वस्त दारू आणली.
मग मुळांना कीड. मग लढाया.
टेकड्यांवर इतकं गवत माजलं
की एका हिवाळ्यात म्हणे
मळ्यांच्या उतारावरून पोरं बर्फात घसरत होती.
आणि नाव? ते तर अमेरिकेत
कुठल्याही फिक्या दारूच्या बुधल्यावर चिकटवायचे.
"म्हंजे कर्नाटकच्या आंब्याक देवगड."
हो. तेच.

कंपनीने एकदा आम्हाला तिथे चव शिकायला धाडलं होतं.
एप्रिल. रात्री दोन वाजता कुणीतरी उठवलं.
उतारभर दिवे, डब्यांतल्या मेणाचे, हजारो,
वेलींच्या रांगांमधून.
दिवाळी नव्हती ती, कुणी हसत नव्हतं.
मळेवाला गास्तों थर्मामीटरकडे बघत होता,
शून्याच्या खाली एक.
वेलींचे डोळे नुकते फुटलेले;
ते राखायला अख्ख्या गावाचे डोळे उघडे.
मला आमचा वासू मुणगेकर आठवला,
धुकं उतरलं की मोहराखाली धूर करून
असाच, कुणाशी न बोलता, बसणारा.

वहीत मी तेव्हा लिहून घेतलं होतं:
गारगोटी, हिरवं सफरचंद, ओला खडू.
एकवीस वर्षं पाहुण्यांना हेच सांगितलं.
ते मान डोलवायचे.

काकीने स्टीलच्या झाकणात घेतलं, तोंड वाकडं केलं.
मग शिंपीतलं खारं पाणी ओढलं,
मग परत घोट.
बराच वेळ काही नाही.
"ह्यां कालवांचाच पाणी.
फकत म्हातारां झालला."

वही बंद केली मी. मनातली.

तिच्या सासऱ्याची शिंपल्यांची चुनाभट्टी होती,
सिमेंट येईपर्यंत.
"आमी तेचो चुनो केलो," ती म्हणाली,
"घरां रंगवली, पानाक लावलो.
दारू काढुची अक्कल इली नाय."
कमरेची डबी काढून
बोटाने पानाला चुना लावला तिने,
जसा कुणी लांबच्या नातेवाइकाला टिळा लावावा.
"कितक्याची?"
मी खोटी किंमत सांगितली.
तीही तिला महाग वाटली.

भरतीचं पाणी घोट्याला लागलं तेव्हा उठलो.
बाटली तिने खाडीतच खंगाळून घेतली.

परवा गेलो तर चुलीमागे दिसली,
बुचाच्या जागी चिंधी,
लेबल निम्मं सोललेलं,
आत गळ्यापर्यंत कोकमाचं आगळ, लालभडक.
मला ओळखायला वेळ लागला.

पायरीशी शिंपल्यांचा ढीग तसाच होता.
त्याला काही घाई नाही.