तीन दशांश

बारालाच्या खिंडीतून हर्षुल भंडारीचा फोन आला,
अर्धा वाऱ्यात उडालेला.
ताई, गाडी मेली. पाय पूर्ण खाली दाबलाय
आणि मागून सिमेंटचा ट्रक हॉर्न देतोय.
मी तेव्हा लसूडिया मोरीला
एका अल्टोखाली आडवी.
विचारलं, आवाज कसला येतोय?
म्हणाला, माझाच. धाप लागलीय.

नवव्या दिवशी गाडी दारात. चाकांच्या कमानीत
लाहौलची राखाडी माती, माझ्या फरशीवर सांडत.
बायपासवर नेली, तिसरा टाकला, दाबली,
आणि बूस्टचा काटा सरळ एक पॉइंट दोनवर.
रात्रभर रडलेलं पोर
डॉक्टरच्या टेबलावर हसतं, तशी.

सलमू म्हणाला, भियाचा वहम आहे.

मग ती जानापावला चढवली.
आमच्याकडे याहून मोठा डोंगर नाही.
लॅपटॉप सलमूच्या मांडीवर, वळणांवर तो
एका हाताने गाडी धरून, एका हाताने आकडे.
माथ्यावर उतरून चहा प्यायलो.
हवा पुरून उरत होती.
दुखणं दिसायला लागतं तेवढीही उंची
नव्हती आमच्या डोंगराला.

तेव्हा त्याच्या प्रवासाचा लॉग उघडला, ओळीवर ओळ.
इंदुरात बाहेरची हवा नऊशे पन्नास मिलिबार,
तिथे पाचशे साठ.
विरळ हवा ओढायला टर्बो जास्त फिरतो,
फिरत फिरत स्वतःची पाती फोडून घेईल,
म्हणून एका आकड्याला त्याला थांबवायचं असतं.
थांबवणारी ओळ माझीच. दोन वर्षांपूर्वी,
रात्री दीडला, मी कधी न पाहिलेल्या उंचीसाठी लिहिलेली.
वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, दोनदा.
त्या ओळीनं वर सात दशांश द्यायला हवे होते.
लॉगमध्ये चार.

म्हणजे बरंचसं दुखणं हे दुखणंच नव्हतं.
पण तीन दशांश
वाटेत कुणीतरी खात होतं.

समोरच्या खानावळीत वडनेरेकाकू
ऐन वेळी चार माणसं वाढली की वरणात पाणी घालतात,
ताटावर बसलेल्याला कळत नाही.
इंदुरात टर्बोनं तेच केलं असणार,
जरा जास्त पळून, गळती झाकून, कुणाला न सांगता.
वर वरणही नव्हतं आणि पाणीही.

बंपर काढला. शटर खाली, पंखा बंद.
नळीत धूर भरला आणि बसून राहिलो.
सलमूनं श्वास रोखला होता, का कोण जाणे.
मग इंटरकूलरच्या खालून,
क्लॅम्पच्या आडून, जिथे तेलाचा ओला डाग
मी मागच्या सर्व्हिसला फडक्यानं पुसून टाकला होता,
तिथून एक दोरा वर आला.
नखाएवढी चीर. अंगठा ठेवला की मिटायची.
अंगठा काढला.

मीच पुसलं होतं, हे सलमूला सांगितलं.
तो म्हणाला, पाना द्या.

हर्षुल आला, नव्या टी-शर्टात, नाकाची साल अजून निघालेली.
आता वर पूर्ण देईल ना?
सात, म्हटलं.
आणि इथे?
बारा.
मग ते पाच लावून टाका ना ताई, पैसे सांगा.
मी वही पुढे केली. त्यानं वहीकडे पाहिलं नाही.
म्हटलं, तिथे हवाच नाही, हर्षुल.
म्हणून तर तुमच्याकडे आलो, म्हणाला,
आणि किल्ली बोटावर फिरवत उभा राहिला,
ट्रान्सपोर्ट नगरकडून ट्रक येत होते, जात होते.

बिलावर लिहिलं: नळी एक, क्लॅम्प दोन.
मजुरी निम्मी.
डागाचं लिहिलं नाही, तोंडानं सांगितलं.
पाच दशांशांचं काही लावलं नाही.
जानापावचा चहा माझ्याकडून.