पडदा

रेडिओ वादळ म्हणाला, तेव्हा टब भरून ठेवला,
गोळ्या मोजल्या: अकरा दिवस पुरतील.
सेल, मेणबत्त्या, कोळशाच्या बादलीवर झाकण.
स्टेफानचे लोकरी मोजे, दोन्ही जोड एकावर एक.

समोरच्या डंकनशी ठरलंय:
सकाळी आठला माझ्या स्वयंपाकघराचा पडदा वर.
नाही गेला, तर त्यानं यायचं.
"ओरिसिया, ब्याऐंशीची झालीस. फावड्याला हात लावायचा नाही."
स्वतः एकोणऐंशीचा!

दुसऱ्या रात्री वीज गेली.
पहाटे सस्कॅचेवानचा वारा जरा दमला.

आठला पडदा वर केला.
समोरचा खाली.

सव्वाआठ.

त्याच्या पडद्याचं काही ठरलंच नव्हतं.

कपड्यांची दोरी कमरेला बांधली,
दुसरं टोक दाराच्या कडीला,
आणि फावडं घेतलं.