वीस आंदोलनं

हडर्सफील्ड. नोव्हेंबर. पावणेचारलाच अंधार.
प्रयोगशाळेतला हीटर खडखडतोय
आणि मी वह्या तपासतेय.
वह्या म्हणजे छापील कागद, सगळ्यांचा फॉन्ट एक.

साधा लंबक. दोरा, गोळा, स्टॉपवॉच.
वीस आंदोलनं मोजा, जीची किंमत काढा.
कॅलमचं उत्तर ९.८१.
मेझीचं ९.८१.
इद्रिसचं ९.८१, वर तळटीप:
‘हवेच्या रोधामुळे किंचित त्रुटी संभवते.’
कुठली त्रुटी बाळा, शोधून सापडत नाहीये.

मंगळवारी मी इथेच होते.
कॅलमचा गोळा कपाटावर आपटत होता,
मेझी दोऱ्याला गाठी मारून
ब्रेसलेट करत होती.

फक्त झोफियाच्या कागदावर, पेनने, खाडाखोडीसकट:
१०.८७.
‘तीनदा केलं. तीनदा असंच आलं.
का ते माहीत नाही.’

स्टाफरूममध्ये वेगळीच आंदोलनं.
मिसेस हेपवर्थ टी-बॅग पिळत म्हणतात,
शून्य द्या सगळ्यांना, शून्य,
आणि पुढच्या वेळी हाताने लिहून घ्या.
कम्प्युटिंगचा रॉरी म्हणतो,
कॅल्क्युलेटर आला तेव्हाही
साप साप म्हणून भुई धोपटलीत,
उद्या नोकरीवर यंत्रालाच विचारणार आहेत ना ही?
मग त्या यंत्राला वीज किती लागते,
ते कुणाचं वाचून शहाणं झालं,
कॅलम रात्री बारापर्यंत
बापाच्या चिप्सच्या दुकानात असतो तर त्यानं लिहायचं कधी,
सगळं सगळं निघतं.
बिस्किटं संपतात. घंटा होते.
मी काही बोलत नाही.

कारण साताऱ्याला, बारावीत,
आमच्या टेबलावरचं स्टॉपवॉच बंद होतं.
वर्षभर बंद होतं.
आम्ही उत्तर आधी लिहायचो
आणि त्यावरून मागे मागे येत निरीक्षणं.
दुसऱ्या दशांशात थोडी चूक घालायची, मीठ घालतात तशी,
चवीपुरती.
दाभाडे सरांनी जर्नलवर लाल शाईत ‘उत्तम’ लिहिलं,
बाहेरच्या परीक्षकांनी तीसपैकी तीस दिले,
त्या तिसांचं बोट धरून मी इथवर आले.
चौतीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही
आणि आता ही अशी
दुसऱ्याच्या कागदावर वाकून.

निकष सांगतात: उत्तर पाच टक्क्यांच्या आत, गुण दोन.
झोफिया जवळजवळ अकरा टक्के बाहेर.
‘का ते माहीत नाही’ला
कुठल्याच रकान्यात जागा नाही,
मी दोन्ही पानं उलटून पाहिली.

शुक्रवारी कागद वाटलेच नाहीत.
झोफियाला म्हटलं, माझ्यासमोर मोज. मोठ्याने.
तिने गोळा ओढला, धरला,
आणि सोडता सोडता म्हणाली,
‘एक.’

मला कळलं. तोंड उघडणार,
तेवढ्यात मागच्या बाकावरून कॅलम,
ज्याने आयुष्यात एक आंदोलन मोजलं नव्हतं तो कॅलम,
‘एक कसं? अजून परत कुठे आलाय?
टोपली तेलात टाकताना एक नसतं म्हणायचं,
बाहेर काढली की एक.’

झोफिया त्याच्याकडे बघत राहिली.
मग स्वतःच्या कागदाकडे.
‘म्हणजे एकोणीसच झाली माझी,’ ती म्हणाली,
‘तिन्ही वेळा.’
आणि कुणी काही सांगायच्या आत
कॅल्क्युलेटर ओढून घेतला.

बाकीच्यांनाही मग करून बघायचं होतं.
स्टँड निघाले, गोळे निघाले, दोरा पुरेना.
मेझीने मनगट पुढे केलं.
ब्रेसलेट ओलं होतं, गाठी घट्ट बसलेल्या.
आम्ही चौघी-पाचजणी नखांनी त्या सोडवत बसलो.
तीन सुटल्या,
आणि तास संपला.