चौथी पट्टी

गिटारला काठ कशाचा लावायचा
हे लोक अगदी शेवटी विचारतात,
दुकानातून निघताना छत्री आठवावी तसं.
ब्रॅम क्विल्टीनं आधी तेच विचारलं.
दारातच उभा, खांद्यावर दोन हात लांब ओंडका,
टोकांना मेण, अकरा वर्षं शेडमध्ये वाळलेला.
"सफरचंद," म्हणाला. "होईल याचं काही?"

मी नख रोवून पाहिलं. रुतलं नाही.

म्हटलं, एबनी घे, काळ्यात सगळं लपतं.
रोझवूड घे, तापल्या नळीवर ते ऐकतं,
आणि संध्याकाळपर्यंत खोलीला वास राहतो.
मेपल गोरं, एकेक चटका दाखवतं.
हे झाड फळं देत आलं,
वळायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तो ओंडका खाली ठेवेना.

मग मी त्याला काठाचं कारण सांगितलं,
जे सिग्नेटमधल्या शाळेची पोरं आली की सांगते:
काठ शोभेचा नसतो.
पाठ आणि बगल जिथे भेटतात
तिथे कापलेल्या शिरा उघड्या पडतात,
ओल पितात, ठेच लागली की तिथूनच चिरतात.
कपडा कडेनं उसवतो. लाकूडही.

झाडाबद्दल मी काही विचारलं नाही.
तो सांगेल असं दिसत होतं, म्हणून.

बुधवारी नळी तापवली. थेंब टाकला, नाचला.
पहिली पट्टी कमरेच्या वळणाशी
ताड करून बोलली आणि संपली.
दुसरी वळली. तिसरी नाही.
चौथी, पाचवी मी श्वास धरून वळवल्या,
ओलं फडकं, पुन्हा नळी, पुन्हा फडकं.
पाच निघाल्या होत्या. दोन मोडल्या. चार लागतात.
दुसरीतलं गणित.

फोनवर तो बराच वेळ गप्प.
मागे पंप चालू होता.
"चौथी कुठे जाईल?"
पाठीच्या कडेला, म्हटलं, वाजवणाऱ्याच्या बरगडीशी.
दिसत नाही. नुसती लागते.
"मग तिथे तुझ्याकडची लाव."

माझ्याकडे फळ्या पुष्कळ.
पण हात गेला भिंतीवरच्या खिळ्याकडे,
मर्टलची पट्टी, गुलाबीसर, पेन्सिलच्या खुणांची,
एकोणीस वर्षं जिनं मी बाकी सगळ्यांना मोजलं.
रंध्यानं खुणा काढल्या. मिलिमीटर भुशात पडले.
पहिल्याच खेपेला वळली.
मला थोडा रागच आला.

राहिला प्रश्न अंगावरच्या चकाकीचा.
लॅकर मारलं तर काच होते,
घाम नको, बिअर नको, कुणाचंच काही लागून घेत नाही.
लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर केलेलं काम,
मी स्पिरिटमध्ये विरघळवते, सुती बोळ्यानं चढवते,
आठाचे आकडे गिरवत, थरावर थर,
मनगट म्हणेल तोवर.
पातळ. ओल्या ग्लासाचं वर्तुळ उमटतं.
जिथे हात टेकतो तिथली झिजते.

शहाणपणानं पाहिलं तर लॅकर.
हेस्टर दर शुक्रवारी पबमध्ये वाजवते,
तिथे टेबलांपेक्षा ग्लास जास्त.

ती आली बापाच्या आधी, गमबूट घालून.
लाकडाचं नाव विचारलं नाही.
न रंगवलेली गिटार उचलून छातीशी धरली,
कोपर टेकवलं, खालीवर केलं.
"लाख इथे उडेल?"
उडेल. दोन वर्षांत.
"मग परत यावं लागेल?"
हो. बोळा फिरवून देते, दुपारभर लागते.
"पैसे?"
चहा आण.
"लाखच."

ब्रॅमनं उरलेले तुकडे मागितले नाहीत.
मोडलेल्या दोन पट्ट्या मी खिडकीत ठेवल्यात,
वळण अर्धंच शिकलेल्या.
मोजायला आता स्टीलची पट्टी आहे, अचूक, गार.
भिंतीवर खिळा आहे.
हात अजून तिकडेच जातो.