अर्धा इंच

बोट जातं तिथून पाल येते,
अंगठा जातो तिथून उंदीर,
मूठ गेली तर घूस.
आणि ज्या भोकातून डोकं आत गेलं
तिथून सगळंच जातं,
माणूस असो की उद.
हे कुठं वाचलेलं नाही.
अंबडला सोळा वर्षं जाळ्या जोडतोय,
हाताला ठाऊक आहे.

पाथर्डी फाट्याच्या मागं,
जिथं परवापर्यंत द्राक्षांचे मांडव होते,
तिथल्या एका रो-हाऊसमधून फोन आला.
"गावित जाळीवाले ना? आमच्या छतात कोणीतरी राहतंय."

कोणीतरी, म्हणाल्या गायधनी बाई.
काहीतरी नाही.

शेजारपाजारचं ठरलेलं होतं : बिबट्याचं पिल्लू.
वॉचमननं दोन सुतळी बॉम्ब लावले,
त्यानं गल्लीतली कुत्री तेवढी पळाली.
कुणी सांगितलं डांबराच्या गोळ्या टाका,
कुणी मिरचीची धुरी,
कुणी, रात्रभर रेडिओ चालू ठेवा.
बाईंनी सगळं करून पाहिलं.
"रेडिओनं त्याला झोप छान लागते," म्हणाल्या.

शिडी लावली.
पीओपीच्या वर, सोलरचा पाइप उतरतो तिथं
बिल्डरनं सोडून दिलेलं भोक, सहा बाय पाच.
आत तोंड घातलं तर वास,
कुणी अंधारात आंबेमोहर शिजत ठेवलाय असा.

"उद आहे," मी म्हणालो. "एकटाच."
सुरगाण्याकडं आम्ही पोरं कंदील घेऊन
त्याच्यामागं धावायचो.
मढी उकरतो म्हणायची म्हातारी माणसं.
मी पाहिला तो दरवेळी मोहाच्या झाडावर,
तोंड चिकट करून बसलेला.

दिवसा भोक बुजवायचं नसतं.
आत अडकला तर मरतो,
आणि मेलेला महिनाभर घर सोडत नाही.

बाईंकडून वाटीभर कणीक घेतली,
भोकाच्या तोंडाशी चाळली, पातळ, साईसारखी.
चहा झाला. पांडवलेणीच्या डोंगराचा रंग गेला,
मग डोंगरही गेला, हायवेचे दिवे राहिले.
बाईंनी एकदाच विचारलं,
"इथून निघून जाणार कुठं?"
म्हटलं, त्यांच्या जागा असतात ठरलेल्या.
खरं तर मला माहीत नव्हतं.
मी या शहरात आलो तेव्हा
एका शेडच्या पत्र्याखाली निजायचो,
मालकाला आठ महिने कळलं नाही.

साडेआठला टॉर्च मारला.
कणकेत पावलं. पाच बोटं, पाच बोटं,
सगळी बाहेरच्या दिशेनं.
दोनदा पाहिलं. परतीचं एकही नाही.
मग जाळी : अर्ध्या इंचाची, जस्ताची, वेल्ड केलेली,
आठ स्क्रू, कडेनं सिमेंट.
बाराशे रुपये. दोनशे त्यांनी वर दिले.

पहाटे चारच्या सुमाराला तो परत आला असणार.
ते माझ्या बिलात धरलेलं नसतं.

नवरात्रात पुन्हा फोन.
वाटलं, उचकटली जाळी.
पण जाळी जागच्या जागी, एकही स्क्रू गंजला नव्हता.
तिच्याखाली, कठड्याला लागून,
जिथं तो रोज घाण करून जायचा,
तिथं स्लॅबला केसाएवढी भेग,
माझं नखसुद्धा जाईना अशी.
तिच्यातून उंबर आला होता. चार पानं, लाल देठ.

मी छिन्नी काढली.
"उंबर आहे, गावित."
"म्हणूनच म्हणतो. दोन वर्षांत स्लॅब फोडेल."
"मग दोन वर्षं आहेत की," बाई म्हणाल्या
आणि तांब्यातलं उरलेलं पाणी
माझ्यादेखत त्याच्या मुळाशी ओतलं.

छिन्नी ठेवली. टेप काढली, मोजला.
का मोजला, सांगता येत नाही.
नऊ इंच.
वहीत लिहिलं :
गायधनी, पाथर्डी फाटा. काम नाही.
पुढल्या दिवाळीत येऊन बघणे.