डावखुरी रापी

रापीला उतार एकाच अंगाला असतो,
आणि तो उजव्यांसाठी.
माझ्या हातात आली की ती
कातड्यात खोल शिरते, वर यायचं नाव घेत नाही.
बेचाळीस वर्षं मी मनगट वाकडं करून
लोकांच्या पोथ्या, वह्या, वकिलांचे खंड बांधले.
आता मनगटानंच सांगितलं,
एक तरी हत्यार माझ्या बाजूचं आण.

मांडवीपाशी काचेच्या कपाटात
दिव्याखाली पाती निजली होती,
अंगावर लाटांची नक्षी, मुठीला शिंग,
शिंगाला प्लास्टिकचा वास.
डाव्या हाताची पाहिजे, म्हटलं. थई जशे, बेन.
बकऱ्याचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याइतकं तासायचंय. थई जशे.
पोलाद कुठलं घालता? थई जशे.
पैसे तेवढे आधी. सगळे.
मी पर्सची चेन ओढली.
थोरलीच्या लग्नातला आचारी असाच होता,
प्रत्येक गोष्टीला हो,
आणि पंगत बसली तेव्हा मठ्ठा नाही.

बुधवारी दांडिया बाजारात वालजी सराणिया येतो.
सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो,
स्वतः जागचा हलत नाही, ठिणग्या पार गटारापर्यंत.
माझी विळी त्याच्या हातात असताना विचारलं,
कोणाकडून करून घेऊ?
तो दगडाचा आवाज ऐकत होता.
मग म्हणाला, घडवणारा सुरी विकतो त्या दिवशी बघतो,
मी ती म्हातारी झालेली बघतो.
कुणाची दुसऱ्या दिवाळीला दुमडते,
कुणाची पहिल्याच घासणीला किंचाळते.
पाणीगेटच्या आत याकूबभाई आहे.
त्याची सुरी माझ्याकडे वर्षा-दीड वर्षानं येते.
नुकसान आहे माझं, म्हणून सांगतो.
विळीचे वीस रुपये मोजून घेतले त्यानं.

याकूबभाईनं भाव सांगितला नाही.
जुनी आणलीय? म्हणाला.
झिजलेली कड नखावर फिरवली, उन्हात धरली.
ओढत नाही तुम्ही, ढकलता.
हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.
चामड्याचा तुकडा पुढ्यात टाकला, तासा.
मी तासत होते आणि तो
कातड्याकडे नाही, माझ्या कोपराकडे बघत होता.

मग म्हणाला, आता नाही होणार.
ट्रकच्या पाट्याचं पोलाद भाजीला ठीक, याला नाही.
वखारीतली जुनी करवत मोडीत निघाली
की निरोप धाडतो.
किती महिने? करवतीला विचारा.
आगाऊ? दोनशे. लोखंडाचे नाहीत ते,
तुम्ही परत याल याचे.

बाकाखाली डालडाचा डबा होता,
तडकलेल्या पात्यांनी काठोकाठ,
तेलात बुडवताना चिरलेली.
केसाएवढी रेघ, मला तर दिसलीही नाही.
विकली असती तर कोणाला कळलं असतं?
त्यानं एक पातं उलटं केलं.
पाठीवर त्याचा शिक्का, मसुरीएवढा चंद्र.
हा वाचता येतो ना लोकांना, म्हणाला.

पाच महिने गेले. मुलगा म्हणाला, आई,
घरबसल्या मिळतात, नाही आवडली तर परत.
मनगट कुठं परत करता येतं, असं काही
बोलणार होते, पण भात लागत होता.

माघात निरोप आला.
आता ही माझ्या हातात आहे, काळी, कुरूप,
मुठीला सुताच्या दोऱ्याचे वेढे.
हात सरळ. कातडं
सालीसारखं वर येतं, वळतं, फुंकरीनं टेबलावरून उडतं.
काठातून पलीकडचा उजेड दिसायला लागला
तेव्हा घाबरून थांबले मी,
एवढं ऐकणाऱ्या हत्याराची सवय नव्हती.
आठवड्यानं दाखवायला या, असं बजावलंय त्यानं.
चूक असली तर तेवढ्यात बाहेर येते.

बुधवारी खाली सायकलची घंटा.
काही आहे का, बेन?
विळी मागच्याच वेळी दिली की.
आणि रापी?
मी गॅलरीतून नुसता हात हलवला.
वालजीनं तोंड वाकडं केलं,
मग दात दिसेपर्यंत हसला
आणि सायकल ढकलत पुढच्या दारी गेला.